खांदा दुखतो म्हणे

१२ जानेवारी

प्रिय खारू,

करारनामा पोचला. पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या तिथे, चारही पानांवर, तुझी सही आहे. पाकीट मी दोनदा उलटं करून झटकलं. आत एखादी चिठ्ठी असेल असं वाटलं होतं. असू दे. सही केलीस हेच खूप झालं. माझी, तुझी आणि धाकटीची, अशा तिन्ही सह्या हातात आल्याशिवाय निर्माते चित्रीकरण सुरू करायला तयार नव्हते, आणि धाकटी तर पैजेवर सांगत होती की दादा करणार नाही.

पत्ता तिच्याकडूनच घेतला. द्यायला तयार नव्हती. बावीस वर्षांत मुलाला पत्र लिहावंसं वाटलं नाही, आणि आता सिनेमा निघतोय म्हणून वाटलं का, असं तिने तोंडावर विचारलं. मी म्हटलं, हो, तसंच समज.

तर सिनेमा. तुझ्या बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचं व्हायोलिन लोक विसरलेले नाहीत. बँकेत फोन केला की ताटकळत ठेवतात तेव्हा त्यांची ती संथ धून लागते. मोठ्या दुकानांच्या लिफ्टमध्येही लागते. तू लिफ्ट दुरुस्त करतोस असं धाकटी म्हणाली. म्हणजे तुझी काही सुटका नाही.

दिग्दर्शिका पस्तिशीची आहे. प्रश्न विचारते आणि मग गप्प बसून राहते, त्यामुळे आपणच बोलत सुटतो. माझ्या लक्षात आलंय ते. मीही कच्ची नाही. करारात एक कलम मी हट्टाने घालून घेतलंय. प्रदर्शनाआधी सिनेमा मी पाहणार आणि मला न पटेल ते निघणार. निर्माते जरा चुळबुळले, पण बाबांच्या धुनींचे हक्क माझ्याकडे आहेत, मग काय करतील?

तुझं काम करायला एक दहा वर्षांचा मुलगा निवडलाय. फोटो पाहिला. समोरचे दात तुझ्यासारखेच आहेत.

तब्येतीला जप.

आई

९ मार्च

प्रिय खारू,

स्टुडिओत आपलं तिसऱ्या मजल्यावरचं घर उभं केलंय. मी पाहायला गेले आणि दारातच थबकले. स्वयंपाकघराच्या मोरीवरचा तो गळका नळ, त्याखाली ठेवलेली वाटी, सरावाच्या खोलीचं दुधी काचेचं दार, सगळं होतं. जमिनीवर नोटेशनच्या स्टँडच्या तीन पायांचे खड्डेसुद्धा पाडलेत. दिग्दर्शिकेला विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हणाली, पियानोकाकांनी.

पियानोकाकांना भेटलीय हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं. बाबांच्या साथीला अठरा वर्षं होते ते, त्यांना भेटणं साहजिक आहे. पण सांगायला हवं होतं.

नट चांगला आहे. पाच महिने व्हायोलिन शिकतोय, हनुवटीखाली बाबांसारखा काळा डाग पडलाय. तो खोलीतून चालत आला आणि मी खुर्चीतून उठले, चहा टाकायला. मग लक्षात आलं की तो गॅस खोटा आहे. सगळे हसले, मीही हसले.

दुपारी दिग्दर्शिकेने मला बाजूला घेतलं. बाबांच्या कार्यक्रमांची यादी तिने जमवलीय, साल-महिन्यांसकट. तिच्या बोटाखाली एक रिकामी जागा होती. चौदा महिने त्यांनी एकही कार्यक्रम केलेला नाही, आणि त्यानंतर एकदम ती संथ धून. मधे काय झालं, असं विचारून ती नेहमीसारखी गप्प बसली.

मी म्हटलं, खांदा दुखत होता.

तिने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, कोणता खांदा? मी म्हटलं, उजवा, गजाचा हात. तेही लिहून घेतलं. आणि वही मिटता मिटता म्हणाली की पियानोकाका वेगळं सांगतात.

त्यांचं आता वय झालंय, असं मी सांगितलं. तुझ्याकडे कुणाचा फोन आला तर तूही खांदाच सांग. लहानपणी तुला तसंच सांगितलं होतं, त्यामुळे खोटं बोलल्यासारखं होणार नाही.

आई

२१ एप्रिल

प्रिय खारू,

चित्रीकरण संपलं. काल मला संकलनाच्या खोलीत बोलावून काही भाग दाखवले. अंधारी खोली, दोन पडदे, संकलक म्हणून एक शांत माणूस आणि मागे दिग्दर्शिका. सुरुवातीचं सगळं सुरेख आहे. तुझं काम करणारा मुलगा खरंच वाजवतो. त्याचे खांदे आखडतात तेसुद्धा तुझ्यासारखे.

मग त्यांनी तो दिवस दाखवला.

कोणता ते तुला सांगायला नको. पियानोकाका शेजारच्या खोलीत होते, त्यांनीच सगळं सांगितलेलं दिसतंय. मुलगा एका जागी पुन्हा पुन्हा चुकतो. नट त्याच्या हातातून व्हायोलिन काढून घेतो. गजाचे केस सैल करतो. व्हायोलिन पेटीत ठेवतो, वर ते मऊ फडकं घालतो, पेटीच्या दोन्ही कड्या लावतो. घाई नाही, काही नाही. आणि मग मुलाकडे वळतो.

मी म्हटलं, बंद करा. संकलकाने ताबडतोब बंद केलं.

दिग्दर्शिकेने विचारलं, “हे खोटं आहे का?”

मी म्हटलं, “करारातलं कलम वाचा.”

तो प्रसंग निघाला. निर्मात्यांना मी घरी पोचल्या पोचल्या फोन केला, तेही लगेच हो म्हणाले. त्यांनाही तो नकोच होता. लोक गाणी ऐकायला येतात, म्हणाले.

एकदाच हात उचलला बाबांनी. एवढ्या एका गोष्टीवरून माणसाचं माप काढू नये. आणि हे मी तुझ्यासाठीही केलंय. शेकडो लोकांनी तुला मार खाताना बघावं असं तुला वाटलं असतं का? झाकली मूठ बरी असते.

नटाबद्दल एक सांगायचं राहिलं. ते दृश्य चित्रित झाल्यावर तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही, असं संकलक म्हणाला. मला ते उगाच सांगितल्यासारखं वाटलं.

आई

१७ जून

प्रिय खारू,

मागच्या पत्रानंतर तीनदा कागद घेतला आणि ठेवून दिला. धाकटी तुला कळवेल असं वाटलं होतं, पण ती म्हणते, तुझ्या तोंडाने कळव. तर कळवते. माझ्याशी तिचं सध्या एवढंच बोलणं चालू आहे.

तू सिनेमात नाहीस.

तो प्रसंग काढल्यावर दिग्दर्शिका म्हणाली, आता गोष्ट अडते. दहा वर्षांचा मुलगा इतकं छान वाजवतोय, आणि पुढच्या दृश्यात व्हायोलिनला हातही लावत नाही. तो का थांबला? बाप का थांबला? लोक विचारणारच. मुलगा ठेवायचा तर तो प्रसंगही ठेवावा लागेल. मला तेव्हा वाटलं, ही मला कोंडीत पकडतेय. आता वाटतं, ती फक्त खरं ते सांगत होती.

मी म्हटलं, “मग मुलगा काढा.”

संकलकाने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. दिग्दर्शिका माझ्याकडे वळली. मला वाटतं तिला ओरडायचं होतं. पण ती इतकंच म्हणाली की विचार करा, चार दिवस घ्या. मी म्हटलं, चार दिवस कशाला?

तर आता पडद्यावर आम्हाला एकच मुलगी आहे. त्या मुलाने तीन महिने काम केलं, त्याच्या आईला निर्मात्यांनी कसं समजावलं मला माहीत नाही.

परवा पियानोकाकांचा फोन आला. कुठून कळलं कोण जाणे. म्हणाले, वहिनी, पोरगं या घरात वाढलंय, मी त्याला मांडीवर घेऊन सूर ओळखायला शिकवलेत, आणि तुम्ही तो जन्मलाच नाही म्हणताय? मी वर्तमानपत्रात सांगेन. मी आधी विनवण्या केल्या. ते ऐकेनात. मग मी म्हटलं, तुम्ही त्या दिवशी शेजारच्या खोलीत होतात ना? मधे फक्त एक दार होतं. मग आत का नाही आलात?

फोन बंद झाला. मला माहीत होतं तो बंद होणार.

हे पत्र टाकायला मला बरेच दिवस लागणार आहेत.

आई

५ सप्टेंबर

प्रिय खारू,

काल निमंत्रितांसाठी पहिला खेळ झाला. थिएटर खचाखच. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मंत्री आले होते, बाबांच्या रेकॉर्ड काढणारी मंडळी आली होती. प्रत्येकाने माझे हात हातात घेतले. इतका थोर माणूस आणि इतका साधा, असं एक बाई म्हणाल्या.

संथ धून सुचते ते दृश्य एका तळ्याकाठी आहे. सूर्य उगवतोय, पक्षी उडताहेत. छायाचित्रण फार सुंदर.

नट लांबूनच मान हलवून गेला. दिग्दर्शिका शेवटच्या रांगेत बसली होती, दिवे लागले तेव्हा जागेवर नव्हती. पियानोकाका आले नाहीत, पण वर्तमानपत्रातही काही आलं नाही. धाकटी आली होती. पडद्यावरच्या एकुलत्या एका मुलीला बघून ती उठून बाहेर गेली.

आजपासून सगळीकडे लागतोय.

आई

८ सप्टेंबर

प्रिय खारू,

आज मी एकटीच तिकीट काढून दुपारचा खेळ पाहून आले. चष्मा लावला, डोक्याला रुमाल बांधला. त्याची गरज नव्हती. तीनशे खुर्च्यांच्या थिएटरात आम्ही अकरा जण होतो, आणि त्यातले दोघे गारव्याला आलेले होते, ते झोपले.

निर्माते म्हणतात, क्रिकेटचे सामने चालू आहेत. जाहिरातवाला म्हणतो, पोस्टर चुकलं. थिएटरचा व्यवस्थापक म्हणतो, हल्ली लोक घरीच बघतात. एका परीक्षणाचं शीर्षक होतं, ‘चरित्रपट की सत्कार समारंभ?’ मला राग आला. या लोकांनी आयुष्यात एक वाद्य तरी हातात धरलंय का?

पण खरं काय ते मला माझ्या मागच्या रांगेत ऐकू आलं. एक नवरा-बायको होते, मध्यमवयीन. बाबा व्हायोलिन कपाटावर ठेवून देतात ते दृश्य चालू होतं. बाईने विचारलं, हा मधेच वाजवायचं का थांबला?

“खांदा दुखतो म्हणे.”

“मग?”

“मग आता बरा होईल.”

ती हं म्हणाली. थोड्या वेळाने तळं आलं, सूर्य आला, धून सुरू झाली. ज्या धुनीला लोक डोळे पुसायचे, ती चालू असताना त्या दोघांचं हळू आवाजात ठरलं की आत्ता निघालं तर गर्दीच्या आधी घरी पोचू. त्यांनी मला वाट मागितली. मी पाय बाजूला घेतले.

शुक्रवारी सिनेमा उतरवणार आहेत.

आई

१९ सप्टेंबर

प्रिय खारू,

काल दिग्दर्शिका घरी आली होती. मला वाटलं भांडायला आली. तिचं दोन वर्षांचं काम मातीत गेलं, तिला तो हक्क होता. पण ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिली, चहा घेतला, आणि मला म्हणाली की तिचीच चूक झाली. मी कलम दाखवलं तेव्हा तिने सिनेमा सोडायला हवा होता. आम्ही एक माणूस घेतला, त्याने केलेलं पुसलं, आणि मग त्याला रडताना दाखवलं, असं म्हणाली. लोकांना कळेना हा रडतोय कशाला.

जाताना दारात थांबून तिने विचारलं, आता सिनेमा उतरलाय, आता काही बिघडणार नाही, मला फक्त कळायला हवंय. चौदा महिने काय झालं?

मी तिला नाही सांगितलं. म्हटलं, आधी दुसऱ्या कुणालातरी सांगायचंय.

तर ऐक. मी जसं झालं तसं लिहिते, मधे थांबले तर पुन्हा जमणार नाही.

त्या दिवशी मी भाजी निवडत होते. तुझं वाजवणं थांबलं. मग पेटीच्या कड्यांचा आवाज आला, एक, दोन. मला वाटलं, चला, संपला सराव. मग तो आवाज आला. मी आत आले तेव्हा तू उभा होतास, रडत नव्हतास. बाबा म्हणाले, उगाच तमाशा करतोय, आणि हात धुवायला गेले. संध्याकाळी तुझ्या उशीवर रक्त दिसलं.

टॅक्सीत मी तुला शिकवलं. हे तुला आठवत असेलच, पण मी कधी कबूल केलेलं नाही, म्हणून लिहिते. गच्चीत खेळताना चेंडू लागला, असं मी तुला म्हणायला लावलं. तू पहिल्यांदा चुकलास, अंगणात म्हणालास. आपल्याला अंगण नव्हतं. मी पुन्हा म्हणायला लावलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे न बघता अगदी बरोबर सांगितलंस. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कानाचा पडदा फाटला होता, पुढे जंतुसंसर्ग झाला आणि त्या कानाने तुला ऐकू येणं बंद झालं. बाबांनी हात उचलला होता एकदा. मी मात्र त्यानंतर रोज तुझ्याकडून चेंडू म्हणवून घेतलं. शाळेत, शेजारी, आजीकडे.

आता चौदा महिने. खांदा दुखत नव्हता. डॉक्टरांनी तुझ्या कानाचं शेवटचं सांगितलं त्या दिवशी बाबांनी व्हायोलिन कपाटावर ठेवलं आणि त्याला हात लावला नाही. कार्यक्रम रद्द केले. कुणी विचारलं की खांदा सांगायचे, मीही तेच सांगायचे. एके दिवशी मी बाजारातून आले तर सरावाच्या खोलीतून व्हायोलिन ऐकू आलं, इतकं हळू की मला वाटलं रेडिओ कुठेतरी लांब लागलाय. दार उघडलं. त्यांनी एका कानात कापसाचा बोळा कोंबला होता, वर डोक्याभोवती मफलर घट्ट आवळला होता. मला म्हणाले, बाहेर जा, दार लाव आणि सांग शेवटचा सूर येतो का. मग म्हणाले, त्याला किती ऐकू येत असेल ते बघतोय.

तीन आठवडे असंच चाललं. तू शाळेत गेलास की कापूस घालून वाजवायचे, तू यायच्या आत पेटी बंद. ती धून अशी झाली. लोक म्हणतात, काय हा संथपणा, कान टवकारून ऐकावं लागतं. तळं कुठलं आणि सूर्य कुठला.

त्यांनी मला शपथ घातली की तुला सांगायचं नाही. मी पाळली. मला वाटलं होतं कधीतरी ते स्वतः बोलतील. बोलले नाहीत. माफी मागितली नाही, हे खरं आहे, आणि कापूस म्हणजे माफी नव्हे. मी हे त्यांच्या बाजूने सांगत नाहीये. तुझ्याबाबतचं होतं आणि तुलाच माहीत नव्हतं, म्हणून सांगतेय.

आणखी एक आहे. तू एकोणीस वर्षांचा असताना पाहुणे जेवायला होते. कुणीतरी विचारलं, मुलगा वाजवत नाही का? बाबा म्हणाले, त्याला सुरांचा कान नाही. सगळे हसले. मी वाढत होते. मीही हसले.

तू त्या आठवड्यात गेलास. मी लोकांना सांगितलं, नोकरी लागली.

आई

११ ऑक्टोबर

प्रिय खारू,

तुझं उत्तर आलेलं नाही. ते येईल असं धरून मी लिहीत नाही.

काल संगीत विद्यालयात सिनेमा दाखवला. थिएटरांतून उतरला तरी तिथल्या प्राचार्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. चाळीसेक विद्यार्थी, लोखंडी खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा. संपल्यावर दिग्दर्शिका आणि मी पुढे बसलो, प्रश्नांसाठी. पियानोकाका मागच्या दारापाशी उभे होते. जूनमधल्या त्या फोननंतर मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

दोन-तीन प्रश्न गोड गोड झाले. मग एक मुलगी उठली, सतरा-अठराची, व्हायोलिनची पेटी पायाशी. म्हणाली, “ही धून मी रोज वाजवते. ती तळ्याकाठी बसून सुचलेली वाटत नाही. ती कुणाला तरी ऐकवायची म्हणून केलीय. कुणाला?”

दिग्दर्शिकेने माईक माझ्याकडे दिला नाही. स्वतःच्या हातात धरून ठेवला. मला वाचवत होती. मीच हात पुढे केला.

मी म्हटलं, “आमच्या मुलाला. सिनेमात तो नाही, कारण मी त्याला काढायला लावलं.”

मग सगळं सांगितलं. पेटीच्या कड्या, टॅक्सी, चेंडू, कापूस. माझा आवाज एकदाही फुटला नाही, याचं मला नंतर वाईट वाटलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका मुलाने खाली मान घालून स्वतःचा कान चोळला. प्राचार्य उठून काही बोलणार होते, तेही बसले. ती मुलगी म्हणाली, ठीक आहे. मग म्हणाली, मी फार जोरात वाजवतेय.

बाहेर पियानोकाका भेटले. मी म्हटलं, मी फोनवर बोलले ते बोलायला नको होतं. ते म्हणाले, का नको? मी एकतीस वर्षं तेच विचारतोय स्वतःला. दाराच्या मुठीवर हात होता माझा. मग आम्ही दोघं बसथांब्यापर्यंत चालत गेलो.

तुला न विचारता तुझी गोष्ट चाळीस लोकांना सांगितली. सिनेमात नको म्हणणारी मीच. तुला राग आला तर तो रास्त आहे. निर्मात्यांना कुणीतरी कळवलंय, त्यांचा सकाळीच फोन आला. म्हणाले, आता मूळ प्रसंग घालून पुन्हा लावू या, आता चालेल. मी सांगितलं की त्याचा निर्णय माझा नाही, मुलाचा आहे, आणि त्याला तुम्ही फोन करायचा नाही.

आई

३ नोव्हेंबर

प्रिय खारू,

तुझं पत्र आलं. लिफ्ट तपासणीच्या छापील कागदामागे एकच ओळ. धाकटी म्हणाली, वाच ना, काय लिहिलंय, मी तिला कागदच दिला. ‘सगळं वाचलं. कोणता कान ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस.’

मी माझी पत्रं आठवून पाहिली. खरंच नाही लिहिलेलं. खांदा विचारला तर उजवा म्हणून मोकळी झाले.

डावा.

तुला शंका येणं बरोबर आहे, म्हणून पुढचंही सांगते. हॉस्पिटलमधून आलो त्याच आठवड्यात मी जेवणाच्या टेबलाशी तुझी खुर्ची हलवली. डाव्या हाताला भिंत आली आणि आम्ही सगळे उजवीकडे आलो. तू विचारलंस तर म्हटलं, खिडकीतून ऊन येतं. वर्गशिक्षिकेला भेटून तुला डाव्या भिंतीलगतचा बाक मागून घेतला. तुला फळा दिसत नाही असं तिला सांगितलं. रस्त्यातून जाताना मी तुझ्या उजवीकडून चालायचे. तू चुकून माझ्या उजवीकडे आलास की मी दोन पावलं मागे राहून पुन्हा तुझ्या उजवीकडे जायचे. तुला हाक मारताना आधी तुझ्या उजवीकडे यायचे. नऊ वर्षं हे चाललं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, बाबांच्याही नाही.

लिहिताना मला वाटत होतं, हे वाचून तुला बरं वाटेल. आता वरचं पुन्हा वाचलं, तर तसं काही नाही. याचा अर्थ एवढाच की मला रोज आठवत होतं, दिवसातून वीस वेळा, आणि तरी मी चेंडूच सांगत राहिले.

त्या दिवशी पाहुणे जेवायला होते तेव्हाही मी ठरल्या जागीच उभी होते, तुझ्या उजवीकडे. बाबा काय बोलले ते तुला टेबलाच्या त्या टोकावरून कदाचित पुसट आलं असेल. माझं हसणं तुला नीट ऐकू आलं असणार.

आई